सवडीनं म्हणणाऱ्याचा नंबर आधी

विमल,

मी तुझ्यावर चिडले आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना तुला माझा सूर शोधत बसायला नको.

तुला जाऊन सोळा दिवस झाले. रडायचं ते पहिल्या तीन दिवसांत रडून घेतलं. मग खिडकीवर तक्रारींचा ढीग साचला म्हणून कामाला लागले. तुला सांगायच्या गोष्टींची यादी केली आहे. हसू नकोस. बावीस मुद्दे झाले आणि मोजून पाहिलं तर सतरा तक्रारीचे निघाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. उरलेले पाच चांगले आहेत, पण ते यादीत खाली आहेत.

पहिली तक्रार तुझ्याबद्दल नाही, अध्यक्षांबद्दल आहे. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलनीच्या ग्रुपवर त्यांचा संदेश आला. ‘आपल्या देखभाल कार्यालयातील ज्येष्ठ कर्मचारी श्रीमती विमल यांचे दुःखद निधन झाले असून त्यामुळे पुढील दोन दिवस नळ व गळतीच्या तक्रारींचे निवारण मंद गतीने होईल, याची सर्व सभासदांनी नोंद घ्यावी.’ मी तो तीनदा वाचला. एकाच वाक्यात तुझं मरण आणि लोकांचे नळ, आणि मधे ‘असून त्यामुळे’. पूर्णविराम द्यायला काय जात होतं? माणूस गेल्यावर एक पूर्णविराम तरी त्याच्या वाट्याला यावा की नाही? खाली हात जोडलेली चित्रं रांगेनं आली आणि त्यांच्या मधेच एकानं विचारलं, ‘म्हणजे उद्या टाकी साफ होणार नाही का?’ त्या माणसाचा मला कमी राग आला. त्यानं निदान मनात होतं ते विचारलं.

मग शोकसभा. ऑफिससमोरच्या पत्र्याच्या शेडमधे सगळे उभे राहिले आणि अध्यक्ष बोलायला लागले. “आपल्या विमलताई. मनमिळाऊ, हसतमुख, सदैव मदतीस तत्पर.” हसतमुख! एकोणीस वर्षं मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. तू हसायचीस ते फोन ठेवल्यावर, आणि तेही समोरच्याची नक्कल करून. मनमिळाऊ म्हणावं तर नळवाल्या बाबूला विचारा, तो अजून तुझ्या नजरेला घाबरतो. आणि ‘आपल्या विमलताई’ म्हणे. मागच्या महिन्यापर्यंत तू ‘त्या रजिस्टरवाल्या बाई’ होतीस. ‘त्या’ची ‘आपल्या’ व्हायला बाईला मरावं लागतं, हे तूच म्हणाली असतीस, माझ्या कोपराला कोपर लावून. मी खरंच बाजूला बघितलं. बाजूला बाबू उभा होता आणि नाक पुसत होता.

हे असं शब्दांवर चिडायचं तूच मला शिकवलंस. मी आधी अशी नव्हते. मी कामाची बाई. वाशीच्या या कॉलनीत बावीस इमारती, त्यातल्या निम्म्या जुन्या, पाऊस असो नसो कुठेतरी गळतंच. देखभालीसाठी एक ऑफिस, एक खिडकी, दोन खुर्च्या. फोन घेणं आणि वहीत तक्रार लिहिणं हे तुझं काम. त्यावरून दुसऱ्या दिवशी कोणाला कुठे पाठवायचं याची यादी करणं माझं. नव्यानं आले तेव्हा वहीत पाच रकाने होते: क्रमांक, तारीख, सदनिका, तक्रार, निवारण. पण पानाच्या उजव्या कडेला तू पेन्सिलीनं, पट्टीसुद्धा न लावता, सहावा रकाना ओढलेला होतास. त्याला मथळा नव्हता. आत काहीतरी भलतंच लिहिलेलं. ‘परत म्हणाले.’ ‘दोनदा प्लीज.’ ‘बघा बुवा म्हणाले, म्हणजे आशा सोडली.’ ‘धन्यवाद जोरात.’

“हे काय आहे, विमलताई?” मी विचारलं. तेव्हा मी तुला ताई म्हणायचे.

“त्ये काय म्हनले त्ये.”

“काय म्हणाले ते अलीकडच्या रकान्यात आहे की. नळ गळतो.”

“नळ गळतो हे नळाचं झालं. मानसाचं काय?”

मला वाटलं, साताऱ्याकडची बाई आहे, हिला फार कामं नसतील. चार दिवसांनी तू माझं स्वतःचंच प्रगतिपुस्तक वाचून दाखवलंस. “तू चांगली हायेस गं, पन तू ‘जरा’ म्हनलीस की मी खुर्ची मागं घेते. ‘जरा ती फाइल देता का’, ‘जरा बघता का’. तुझा ‘जरा’ म्हंजे चापट असती.” मी म्हटलं, मी तर नम्रपणे बोलते. “तेच म्हनते. चिडल्याबिगर तू कुठं नम्र हुतीस?” त्या दिवसापासून आपण ‘अगं’वर आलो.

पाण्याची नोटीस आठवते? मी लिहिलं होतं, ‘पाणी जपून वापरावे, अन्यथा पुरवठा बंद करण्यात येईल.’ तू ती माझ्या हातातून घेऊन ‘अन्यथा’पासून पुढचं सगळं खोडलंस. मी चिडले. नियम सांगायला नको का? तू म्हणालीस, “तुला पानी वाचवायचंय का भांडन काढायचंय, ते आदी ठरव. अन्यथा म्हंजे काठी दावनं. आनि तुझ्याकडं काठी तरी कुठाय?” काठी नव्हतीच. पुरवठा बंद करायचा अधिकार आपल्याला नव्हता. नोटीस ‘जपून वापरा, वरच्या मजल्यांना पोचत नाही’ अशी लागली. वरच्या मजल्यांवरून त्या आठवड्यात एकही फोन आला नाही, हे तू मला पुढची चार वर्षं ऐकवलंस.

पण आपलं खरं भांडण क्रमांकावरून. माझा नियम सरळ होता. ज्याची तक्रार आधी, त्याचं काम आधी. वशिला नाही, ओळख नाही, तोंड बघून काही नाही. मी आजही म्हणते की बावीस इमारतींत शांतता ठेवायची तर हाच नियम पाहिजे. तुझा नियम निराळा होता. तू सहावा रकाना वाचायचीस आणि मी केलेल्या यादीवर पेन्सिलीनं बाण मारून नावं वर-खाली करायचीस. जो फोनवर ‘ताबडतोब’, ‘आत्ताच्या आत्ता’, ‘तुमचा साहेब कोण आहे’ म्हणायचा, तो खाली. जो ‘घाई नाही, सवडीनं बघा’ म्हणायचा, तो एकदम वर.

“उलटं आहे हे,” मी म्हणायचे. “जो स्वतः सवडीनं म्हणतोय त्याला सवडीनंच पाठवायचं ना?”

“ओरडतोय त्याच्या अंगात अजून जोर हाय. सवडीनं म्हननाऱ्यानं आदीच हात टेकल्यात. सवडीनं म्हननाऱ्याचा नंबर आदी.”

सी इमारतीतल्या त्या निवृत्त मास्तरांचा फोन तूच घेतलास. म्हातारा-म्हातारी दोघंच राहायची. ‘घाई नाही हो बाई, छताचा थोडासा पोपडा पडलाय, सवडीनं बघा.’ मी त्यांना सतरावा नंबर दिला, कारण ते सतरावे होते. तू बाण मारलास, पार वरपर्यंत. बाबू गेला आणि धावत परत आला. थोडासा पोपडा म्हणजे स्वयंपाकघराच्या छताच्या सळ्या दिसत होत्या. ती दोघं आठवडाभर बाहेरच्या खोलीत पाटावर स्टो ठेवून स्वयंपाक करत होती. त्या दुपारी त्यांना खालच्या मजल्यावर हलवलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा स्लॅब ओट्यावर आला. मास्तर मला भेटायला आले तेव्हा मी त्यांना विचारलं, आधी नीट का नाही सांगितलंत? ते म्हणाले, “तुम्हाला कामं खूप असतात. उगाच कशाला.”

त्या दिवशी तू जिंकलीस. पण तू नेहमी जिंकायचीस, असं मी इथे लिहिणार नाही, कारण ते खोटं आहे. तो ए इमारतीतला भाडेकरू आठव. ‘सवडीनं बघा’ म्हणाला म्हणून तू बाबूला सकाळी सकाळी तिकडे पिटाळलंस. घराला कुलूप! तो गृहस्थ सहकुटुंब गावी गेला होता आणि खरंच सवडीनं म्हणाला होता. तेवढ्यात डी इमारतीत, ज्या बाईंच्या ओरडण्याची तू नक्कल करून दाखवली होतीस, त्यांच्या बाथरूमचा पाइप फुटला आणि पाणी दोन मजले खाली गेलं. मी तुला सगळ्यांच्या देखत बोलले. “तू काय मनातलं ओळखणारी देवी आहेस का? माणसं बोलतात त्याचा अर्थ कधीकधी तोच असतो!” दोन दिवस तुझी पेन्सिल वहीत मिटलेली होती. तिसऱ्या दिवशी म्हणालीस, “चुकलं. पन दहात एकदा चुकंल. तुझं दहात नऊदा चुकतंय, फकस्त कुनाला दिसत न्हाई.”

यावर मी उत्तर म्हणून एक छापील तक्ता केला. तक्रारींचे चौदा प्रकार, प्रत्येकाला आकडा. एक म्हणजे नळगळती, चार म्हणजे छत, नऊ म्हणजे लिफ्ट. लिहायला वेळ नको, भावना नको, आकडा टाका आणि मोकळे व्हा. तू तो तक्ता वाचलास आणि म्हणालीस, “चौदा आकड्यांत बावीस इमारती रडनार व्हय?” तक्ता भिंतीवर लागला. सहावा रकाना वहीत राहिला. आपण दोघी एकमेकींचं काही मोडलं नाही आणि काही मानलंही नाही. असं भांडण मला आवडायचं, हे तुला कधी सांगितलं नाही. हा पाच चांगल्यांपैकी एक मुद्दा.

आता सतरावा मुद्दा. तो लिहायला मला तीन कागद लागले.

त्या दिवशी सकाळी मी खांदेश्वरला घराला कुलूप लावत होते. एका हातात किल्ली, खांद्याला डब्याची पिशवी, फोन कान आणि मानेच्या मधे धरलेला.

“निघालीस का?” तू विचारलंस.

“निघतेय. बोल पटकन.”

“मला आज उशीर हुईल वाटतंय. जरा बरं न्हाई. गॅस झालाय जनू.”

“मग ये आरामात. खिडकी मी बघते. काहीतरी घे.”

“घेते की.” मग तू थोडी थांबलीस. “तुला सवड झाली की एक फोन कर मला.”

“करते,” मी म्हटलं आणि कुलूप ओढून बघितलं.

एकेचाळीस सेकंद. फोनमधे अजून दिसतात. बसमधे बसल्यावर मी दिवसाची यादी केली. टाकी साफ करणाऱ्यांना पत्र, लिफ्टवाल्याला आठवण, ई इमारतीची पाहणी, असं करत नवव्या ओळीवर लिहिलं: ‘विमलला फोन. सवडीने.’ माझ्या हातानं, विमल, माझ्या अक्षरात. तू म्हणालीस तेच मी लिहिलं, एक शब्द इकडचा तिकडे केला नाही. आणि मला काहीही ऐकू आलं नाही.

आठ कामं संपवून मी दुपारी पावणेदोनला फोन केला. दिघ्याच्या तुझ्या घरी शेजारणीनं उचलला. “तुमी ऑफिसच्या मॅडम का? या लवकर. काकू उठत नाय.” मी रिक्षा करून आले. माझ्या येण्याचा काही उपयोग उरलेला नव्हता.

आता मला तुझ्याशी भांडू दे. तुला हा शब्द माहीत होता. या शब्दाचा अर्थ सबंध कॉलनीत फक्त तुला माहीत होता. तूच तो मला शिकवलास, बाण मारून मारून शिकवलास. एकोणीस वर्षांत तू मला एकदाही ‘फोन कर’ म्हणाली नव्हतीस. नवऱ्याच्या शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात महिनाभर रात्री काढल्यास, तेव्हाही रजेच्या अर्जात ‘घरगुती कारणास्तव’ लिहिलंस. दुसऱ्यांचा ‘थोडासा पोपडा’ तुला कळायचा. मग तुझ्यावर छत पडत होतं तेव्हा तुझ्या तोंडात सगळ्या शब्दांतून नेमका तोच शब्द यावा? तुला वाटलं मी ओळखेन? परीक्षा घेत होतीस का माझी? की तुलाही कळलं नाही, की आपण आता वहीच्या पलीकडच्या बाजूला आहोत?

सुतकात भेटायला आलेल्या बायका काय म्हणत होत्या सांगू? एक म्हणाली, “सुटली बिचारी.” कशातून सुटली? मुलीच्या बाळाची वाट बघत होतीस, नवा कुकर घेतला होतास, पुढच्या महिन्यात गावी जाऊन चुलतभावाशी बांधावरून भांडायचं होतंस. यातलं काय सुटण्यासारखं होतं? पण ते एक वेळ ठीक, बोलायची पद्धत आहे. खरा संताप आला तो दुसरीच्या वाक्यानं. सगळ्यांनी माना डोलावल्या त्यावर. “नशीबवान हो. कुणाला काही त्रास न देता गेली.”

त्रास न देता! बाईसाठी आपल्याकडे याहून मोठं सर्टिफिकेट नाही. जन्मभर कुणाला उठवलं नाही, कुणाचं काम थांबवलं नाही, कुणाला ‘ये’ म्हटलं नाही, आणि मरतानाही सगळ्यांना आपापली कामं उरकू दिली. वा. अशा बायकांचं कौतुक ऐकत आपण वाढतो. मग छातीत कळ आली की ‘गॅस’ म्हणतो आणि मदत हवी असली की ‘सवड’ म्हणतो. तुझा तो शब्द तुझा एकटीचा नव्हता, तो आम्ही सगळ्यांनी मिळून तुझ्या तोंडात घातला होता. मी तिथे उभी राहून म्हणायला पाहिजे होतं, की तिनं त्रास द्यायला हवा होता. त्रास द्यायला माणसं असतात म्हणून तर त्यांना आपली म्हणायचं. मी चहाचे कप मोजत राहिले.

न बोलण्याचं एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण आणखी एक होतं, आणि ते चौदा दिवस माझ्या छातीवर बसलं होतं. त्या संध्याकाळी रूपाली पुण्याहून आली. तुझी लेक. पायातल्या चपला काढायच्या आधी तिनं मला विचारलं, “मावशी, सकाळी आई तुमच्याशी बोलली ना? काय म्हणाली?” आणि मी सांगितलं, “उशीर होईल म्हणाली. गॅस झाला होता म्हणाली.”

खोटं नव्हतं. दोन्ही वाक्यं तू बोलली होतीस. शेवटचं तेवढं मी गाळलं. माझ्या तक्त्यातला एक आकडा टाकला आणि तुझ्या लेकीच्या हातात दिला. तिनं मान हलवली, ‘गॅस’ असं पुटपुटली आणि आत गेली. तेव्हापासून दर एक-दोन दिवसांनी ती कुणाला तरी सांगताना मी ऐकलं, “आईला काही कळलंच नाही. साधा गॅस वाटला तिला. मावशींना तसंच म्हणाली.” माझ्या अर्ध्या वाक्यावर ती पोर आईच्या मरणाची गोष्ट रचत होती. आणि मी, एवढी नेमकी बाई, तारीख-वार-वेळ लिहिल्याशिवाय कागद पुढे न सरकवणारी, ती गोष्ट तशीच राहू देत होते. का, ते तुला माहीत आहे. पुढचं वाक्य सांगितलं की तिचा पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग तुम्ही फोन कधी केलात?

तेरावा झाल्यावर ती पुण्याला परत जायच्या आधी, परवा रविवारी, मी दिघ्याला आले. ठरवून आले होते. रूपाली तुझ्या साड्यांच्या घड्या घालत होती. गावी द्यायच्या, ठेवायच्या, असे दोन ढीग.

“बसा ना मावशी. चहा टाकू?”

“चहा नको. मला तुला एक सांगायचंय. आधी सांगते, मग तुला वाटलं तर चहा कर.”

तिनं हातातली साडी ठेवली. मी फोन काढून एकेचाळीस सेकंद दाखवले आणि मग तू बोललीस ते पहिल्यापासून शेवटपर्यंत, मधल्या थांबण्यासकट, तसंच सांगितलं. “तुला सवड झाली की एक फोन कर मला, असं म्हणाली. मी करते म्हटलं. पावणेदोनला केला. यादीत नववा होता.”

मी तिच्याकडे बघितलं नाही. कपाटाच्या आरशात माझीच मान दिसत होती. मला वाटलं, आता ही मला जा म्हणेल, आणि ते बरोबरच होईल.

“किती वाजता आला होता तुम्हाला फोन?” तिनं विचारलं.

“आठ वीस.”

“मला आठ वाजता.” तिचा आवाज अगदी सपाट होता. “मी गाडी पार्क करत होते. मीटिंग होती. आईनं विचारलं, कामात आहेस का? मी म्हटलं, अर्जंट आहे का गं? तर म्हणाली, छ्या, अर्जंट कसलं. तुला सवड झाली की कर.”

मी खाली पलंगावर बसले.

“मी कुणाला नाही सांगितलं,” ती म्हणाली. “नवऱ्यालापण नाही. तुम्ही गॅस म्हणालात ना, ते मला बरं पडलं. मी तेच धरून बसले.”

म्हणजे तू आधी तिला फोन केलास. ती कामात दिसली. मग वीस मिनिटं थांबलीस, आणि मला केलास. मी कुलूप लावत होते. दोनदा हाक मारलीस तू, विमल, दोनदा, आणि दोन्हीकडे आमच्या सोयीचा शब्द वापरलास.

“मावशी, मी तर लांब होते,” रूपाली म्हणाली. आता ती रडत होती. “तुम्ही शेजारी बसायचात तिच्या. तुम्हाला तरी कळायला पाहिजे होतं ना?”

“हो,” मी म्हटलं.

बस, कुलूप, टाकी साफ करणारे, आठ कामं, यातलं काहीच सांगितलं नाही. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “मलाही कळायला पाहिजे होतं.” आणि मग आम्ही दोघी तुझ्या साड्यांच्या मधे बसून तुला यथेच्छ शिव्या दिल्या. ती म्हणाली, आई हट्टी होती. मी म्हटलं, हट्टी? घमेंडखोर होती. सगळ्यांचं दुखणं ओळखायची आणि आपलं दडवायची, ही घमेंडच. ती हसली, नाक ओढलं, परत रडली. चहा शेवटी मीच केला. तुझ्या स्वयंपाकघरात साखर कुठे असते ते मला माहीत नव्हतं. तू असताना एकोणीस वर्षांत तुझ्या घरी माझ्या चारच खेपा झाल्या. तू कधी बोलावलं नाहीस, म्हणून मी आले नाही. हा माझा नियम. बोलावल्याशिवाय जायचं नाही.

निघताना रूपाली म्हणाली, “तिला माहीत होतं मावशी, नुसतं ‘ये’ म्हटलं की आपण दोघीही सगळं टाकून येऊ. म्हणूनच म्हणाली नाही. आपलं काम अडायला नको म्हणून.”

तिला यात आईचं प्रेम दिसतं, आणि ती लेक आहे, तिला दिसू दे. मला पटलेलं नाही. मी तुझी लेक नाही. मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवरची बाई आहे आणि माझी तक्रार अजून नोंदलेली आहे, निवारण झालेलं नाही. प्रेम असेल, तर त्याला आमचं काम वाचवायला कुणी सांगितलं होतं? टाक्या आज ना उद्या साफ झाल्याच असत्या. लिफ्टवाला तसाही त्या दिवशी आला नाही.

‘ये’ म्हणायचंस, विमल. मी आले असते.